मॉरिशसची लोकशाही आणि तिचे नेते : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मॉरिशस म्हटलं की आपल्याकडे निळा समुद्र आणि हनिमूनचं पॅकेज आठवतं. मला आठवतात तिथल्या निवडणुका. गेली काही वर्षं या देशाचं राजकारण मी मन लावून वाचतो आहे. त्याबद्दल बोलायला लागलो की ऐकणारे बहुतेक वेळा तेच ते प्रश्न विचारतात. म्हणून उत्तरं एकदाच सविस्तर लिहून ठेवतो आहे.

एवढ्याशा बेटाच्या लोकशाहीत एवढं बघण्यासारखं काय आहे?

देश खरोखरच एवढासा आहे. क्षेत्रफळ सुमारे २,०४० चौरस किलोमीटर आणि लोकसंख्या साडेबारा लाखांच्या आसपास, म्हणजे दोन्ही बाबतींत गोव्यापेक्षा लहान. बेटावर मूळ रहिवासी नव्हतेच. डच आले आणि गेले, मग फ्रेंच आले, मग इंग्रज. उसाच्या मळ्यांसाठी आफ्रिका आणि मादागास्करमधून गुलाम आणले गेले आणि गुलामगिरी संपल्यावर हिंदुस्थानातून करारावर मजूर. चिनी व्यापारीही आले. धर्म, भाषा, रंग, सगळंच वेगवेगळं. १९६८ मध्ये स्वातंत्र्य मिळालं तेव्हा हा देश टिकेल असं म्हणणारे जाणकार फार थोडे होते.

तो टिकला. स्वातंत्र्यापासून सहा वेळा विरोधकांनी सार्वत्रिक निवडणूक जिंकून सरकार बदललं : १९८२, १९९५, २०००, २००५, २०१४ आणि २०२४. एकदाही लष्करी उठाव झाला नाही. देशाला खडं सैन्यच नाही, पोलीस दल आणि त्यातली निमलष्करी तुकडी आहे, बस्स.

सामान्य माणसाला मतदानाचा हक्क कसा मिळाला?

हा प्रश्न क्वचितच कुणी विचारतं. माझ्या मते सुरुवात इथूनच करायला हवी.

१९४८ च्या आधी मत देणारे होते सुमारे १२ हजार. मालमत्ता आणि उत्पन्नाची अट होती, त्यामुळे मळ्यात राबणारा माणूस बाहेरच. १९४८ मध्ये अट बदलली : बेटावर चालणाऱ्या कुठल्याही भाषेत साधी वाक्यं लिहिता-वाचता आली पाहिजेत. इंग्रजी किंवा फ्रेंचच हवी असं नाही, हिंदी, तमिळसुद्धा चालेल.

मळ्यांच्या वस्त्यांमध्ये ‘बैठका’ नावाची जागा असायची. मातीच्या भिंती, गवताचं छप्पर. दिवसभर ऊस तोडून आलेली माणसं संध्याकाळी तिथे जमायची, रामायण वाचायची, पोरांना अक्षरं शिकवायची. पंडित बासदेव विष्णुदयाल यांच्या जन आंदोलनाचे स्वयंसेवक तिथे जाऊन बायाबापड्यांना सही करायला आणि दोन ओळी लिहायला शिकवू लागले. कोयता धरून घट्टे पडलेल्या हातात पाटीवरची पेन्सिल. मतदारांची संख्या १२ हजारांवरून ७० हजारांच्या पुढे गेली, आणि मजुरांची बाजू घेणारे उमेदवार निवडून आले. सगळ्या प्रौढांना मताधिकार मिळून पहिली निवडणूक झाली ती १९५९ मध्ये.

या देशाला लोकशाही इंग्रजांनी जाताना दिली असं कुणी म्हणालं की मला ही बैठका आठवते. आणि अंजली कूपेन आठवते. १९४३ च्या सप्टेंबरमध्ये बेल व्यू हारेल इथे मजुरीसाठी संपावर गेलेल्या लोकांवर पोलिसांनी गोळ्या झाडल्या, त्यात ती गेली. ती गरोदर होती.

सर शिवसागर रामगुलाम यांना राष्ट्रपिता का म्हणतात?

जन्म १९००, बेल रिव्ह गावातल्या मजूर कुटुंबात. लंडनला जाऊन डॉक्टर झाले, परत आले आणि राजकारणात पडले. मजूर पक्ष त्यांनी काढलेला नाही हे लक्षात ठेवा. तो १९३६ मध्ये डॉ. मोरिस क्युरे यांनी काढला, एमान्युएल आंकेतिल आणि गी रोझमों यांनी वाढवला. हे तिघेही हिंदू नव्हते. रामगुलाम नंतर आले आणि त्यांनी त्या पक्षाला स्वातंत्र्यापर्यंत नेलं.

लोक त्यांना ‘चाचा’ म्हणत. १२ मार्च १९६८ पासून १९८२ पर्यंत ते पंतप्रधान होते. सरकारी दवाखान्यात मोफत उपचार, म्हाताऱ्यांना पेन्शन, १९७७ पासून माध्यमिक शिक्षण मोफत, ही त्यांच्या काळाची कमाई. पेन्शन तर स्वातंत्र्याच्या आधीपासून, १९५८ पासून, सगळ्या वृद्धांना सरसकट मिळते. साखरेवर जगणाऱ्या गरीब वसाहतीसाठी ही फार मोठी गोष्ट होती. आज विमानतळाला त्यांचं नाव आहे, पांप्लेमूसच्या वनस्पती उद्यानाला त्यांचं नाव आहे आणि रुपयाच्या नाण्यावर त्यांचा चेहरा आहे.

पण निवडणूक पुढे ढकलणारेही तेच ना?

हो, तेच. राष्ट्रपिता म्हणताना हे गाळता कामा नये.

१९६७ ची निवडणूक स्वातंत्र्याच्या प्रश्नावर झाली होती आणि सुमारे ४४ टक्के मतं विरोधात पडली होती. त्या बाजूचे नेते गाएतां दुवाल यांना रामगुलामांनी १९६९ मध्ये सरकारात घेतलं. देश सांधण्यासाठी ते शहाणपणाचं होतं, पण त्याच समझोत्यात १९७२ ला व्हायची निवडणूक १९७६ पर्यंत लांबवली गेली. म्हणजे ज्यांना विरोध करायचा ते सरकारात गेले आणि ज्यांना मत द्यायचं त्यांना थांबवलं गेलं.

त्या पोकळीत एमएमएम हा नवा डावा पक्ष वाढला. तरुण पोरं, गोदी कामगार, संप. १९७० ची पोटनिवडणूक त्यांनी जिंकली. १९७१ मध्ये सरकारने आणीबाणी लावली, वर्तमानपत्रांवर सेन्सॉर आणला आणि पक्षाच्या नेत्यांना तुरुंगात टाकलं. आपल्याकडे १९७५ ला जे झालं त्याची ही थोडी आधीची आवृत्ती.

अखेर १९७६ ला मतदान झालं. ७० पैकी ३४ जागा घेऊन एमएमएम सर्वांत मोठा पक्ष ठरला. बहुमताला दोन कमी. रामगुलामांच्या २८ आणि दुवाल यांच्या ८ मिळून ३६ झाल्या आणि सरकार वाचलं. नियमाने ते बरोबरच होतं. पण तुरुंगातून सुटलेल्या त्या पोरांना काय वाटलं असेल!

पुढे घटनेत एक तरतूद आली. ती मला जगातल्या कुठल्याही घटनेतल्या सुंदर तरतुदींपैकी एक वाटते. संसदेची पाच वर्षांची मुदत बदलायची असेल तर आधी सार्वमत घ्यायचं, त्यात एकूण मतदारांपैकी किमान तीन चतुर्थांश लोकांनी होकार द्यायला हवा, आणि मग सभागृहातल्या प्रत्येक सदस्याने बाजूने मत द्यायला हवं. म्हणजे एक सदस्य जरी नाही म्हणाला तरी निवडणूक टळणार नाही. देश ‘लोकशाही राज्य’ आहे हे सांगणाऱ्या पहिल्याच कलमालाही हेच कुलूप आहे.

१९८२ मध्ये नेमकं काय झालं?

११ जूनला मतदान झालं. एमएमएम आणि त्यांच्या मित्रपक्षाने मुख्य बेटावरच्या साठच्या साठ जागा जिंकल्या. ६०-०. पांप्लेमूस-त्रिओले या आपल्या मतदारसंघात खुद्द रामगुलाम पडले. वय ८१. जिथल्या लोकांच्या घराघरांत ते चाचा होते, तिथेच.

हाताशी पोलीस होते, पूर्वी आणीबाणी लावण्याचा अनुभव होता, आणि समोर तुरुंगात टाकलेले विरोधक होते. आजूबाजूच्या आफ्रिकेत त्या काळात अशा वेळी काय होत होतं ते आठवा. चाचांनी निकाल मान्य केला आणि खुर्ची सोडली. दीड वर्षाने नव्या सरकारनेच त्यांना गव्हर्नर-जनरल केलं आणि १९८५ मध्ये त्या पदावर असतानाच ते गेले.

मोफत शाळा आणि पेन्शन याहूनही त्यांचा मोठा वारसा मी त्या जूनमधल्या दिवसांना मानतो. कारण त्यानंतर एक पायंडाच पडला. १९९५ मध्ये पुन्हा ६०-० झालं आणि पंतप्रधान अनिरुद्ध जगन्नाथ आपल्या मतदारसंघात हरले. २०१४ मध्ये रामगुलामांचे चिरंजीव, पंतप्रधान नवीन रामगुलाम, वडिलांच्याच पांप्लेमूस-त्रिओलेमध्ये हरले. २०२४ मध्ये तिसऱ्यांदा मुख्य बेटावर ६०-० झालं आणि पंतप्रधान प्रविंद जगन्नाथ हरले. दोन घराणी, चार पंतप्रधान, आणि चौघांनाही पंतप्रधानपदी असताना त्यांच्याच गावकऱ्यांनी घरी बसवलं. चौघांनीही खुर्ची सोडली.

अनिरुद्ध जगन्नाथ यांचं मोठेपण कशात?

पोटाच्या प्रश्नात. १९८२ ते १९९५ सलग पंतप्रधान. त्यांच्या काळात कापडाचे कारखाने उभे राहिले, मुक्त निर्यात क्षेत्राचा विस्तार झाला, हॉटेलं आली, आणि बेकारीने गांजलेल्या देशाला बाहेरून कामगार आणावे लागले. कारखान्यांत कामाला लागलेल्यांत बायका फार मोठ्या संख्येने होत्या आणि घराघरातलं चित्र त्यांच्या पगाराने बदललं. १२ मार्च १९९२ ला देश प्रजासत्ताक झाला, तोही त्यांच्याच कारकिर्दीत.

दुसरी बाजूही आहे. १९८४ मध्ये वर्तमानपत्रांनी मोठी रक्कम अनामत ठेवावी असा कायदा त्यांच्या सरकारने आणला. पत्रकार रस्त्यावर उतरले, अटका झाल्या. आणि पुढे पुन्हा पंतप्रधान झाल्यावर २०१७ च्या जानेवारीत त्यांनी ते पद सोडलं ते मुलाच्या, प्रविंद यांच्या हाती, मध्ये निवडणूक न घेता. सभागृहात मुलाच्या पक्षाचं बहुमत होतं म्हणून घटनेत ते बसलं. बापाकडून मुलाकडे सातबारा जावा तसं पंतप्रधानपद गेलं याचं दुःख तिथल्या अनेकांना झालं, आणि ते रास्त होतं. जगन्नाथ ३ जून २०२१ रोजी गेले.

बिगर-हिंदू माणूस तिथे पंतप्रधान होऊ शकतो का?

एकदा झाला. पॉल बेरांजे, फ्रेंच वंशाचे, एमएमएमचे संस्थापक नेते, १९७० च्या दशकात तुरुंगात गेलेले तेच. २००० मध्ये जगन्नाथांशी लेखी करार झाला : पहिली तीन वर्षं तुम्ही, पुढची दोन मी. आपल्याकडे अडीच-अडीच वर्षांच्या शब्दावरून काय काय झालं ते महाराष्ट्राने पाहिलं आहे. तिथे २००३ मध्ये शब्द पाळला गेला. जगन्नाथ राष्ट्रपती झाले आणि बेरांजे पंतप्रधान, २००५ पर्यंत. पण आजवर तेवढे एकच, आणि बाई तर एकही नाही.

‘बेस्ट लूझर’ ही काय भानगड आहे?

नाव विचित्र वाटतं, पण हेतू कळकळीचा होता. देशात २० मतदारसंघ, प्रत्येकी तीन आमदार, शिवाय रॉड्रिग्ज बेटाचे दोन : एकूण ६२. प्रत्येक मतदाराला तीन मतं असतात. याशिवाय जास्तीत जास्त आठ जागा हरलेल्या पण चांगली मतं मिळवलेल्या उमेदवारांना देतात, म्हणजे ज्या समाजाचं प्रतिनिधित्व कमी पडलं त्याची भरपाई होते. घटनेने समाज चार धरले आहेत : हिंदू, मुस्लिम, चिनी आणि बाकी सगळे मिळून ‘सामान्य लोकसंख्या’. १९८३ मध्ये बेरांजे हरले आणि याच वाटेने सभागृहात आले.

अडचण अशी की हिशेब अजून १९७२ च्या जनगणनेवर चालतो, कारण त्यानंतर लोकांचा समाज विचारलाच गेलेला नाही. आणि उमेदवाराने आपला समाज लिहून द्यायलाच हवा, नाहीतर अर्ज बाद. ‘मी फक्त मॉरिशियन आहे’ असं म्हणणाऱ्या तरुणांनी हे संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क समितीपर्यंत नेलं आणि २०१२ मध्ये समितीने त्यांची बाजू उचलून धरली. २०१४ च्या निवडणुकीपुरती सूट मिळाली, कायमचा तोडगा निघालेला नाही. मला दोन्ही बाजू कळतात. अल्पसंख्याकांना भीती वाटू नये म्हणून घातलेली ही मेढ आहे, काढायची तर आधी छप्पर दुसऱ्या कशावर तरी पेललं पाहिजे.

राष्ट्रपती नुसते नावाचे असतात का?

अधिकार थोडेच असतात. पण कासिम उतीम यांचं नाव मी आदराने घेतो. १९९९ च्या फेब्रुवारीत काया हा लोकप्रिय गायक पोलीस कोठडीत मरण पावला आणि बेट पेटलं. राष्ट्रपती उतीम स्वतः वस्त्यांमध्ये गेले, लोकांशी बोलले. २००२ मध्ये दहशतवादविरोधी विधेयक त्यांच्यापुढे सहीला आलं. त्यातल्या तरतुदी नागरिकांच्या हक्कांवर घाला घालतात असं त्यांचं मत होतं. सही करायची नव्हती, म्हणून त्यांनी पदच सोडलं.

२०२४ मध्ये लोकशाही धोक्यात होती का?

चिन्हं चांगली नव्हती. लोकशाही मोजणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थांपैकी काही आधीपासून घसरण नोंदवत होत्या. ऑक्टोबरमध्ये नेते, पत्रकार, वकील यांची फोनवरची संभाषणं समाजमाध्यमांवर फुटायला लागली. ती टाकणाऱ्या खात्याचं नाव ‘मिस्ये मुस्तास’, म्हणजे मिशीवाले साहेब. फोन चोरून ऐकले जात होते हे पाहून लोक हादरले. त्यावर सरकारने १ नोव्हेंबरला समाजमाध्यमांवरच बंदी घातली, मतदान संपेपर्यंत. एवढा गदारोळ झाला की दुसऱ्याच दिवशी ती मागे घ्यावी लागली. १० नोव्हेंबरला मतदान झालं. मतपेट्या रात्रभर पहाऱ्यात राहिल्या, दुसऱ्या दिवशी सगळ्यांसमोर हातांनी मतं मोजली, आणि सरकार गेलं.

आनंद होतो, पण एक काळजीही वाटते. हरलेल्या आघाडीला एक चतुर्थांशाहून जास्त मतं मिळाली आणि सभागृहात जागा मिळाल्या दोन, त्याही बेस्ट लूझरच्या. एवढ्या मोठ्या सरकारला जाब विचारणार कोण?

पुन्हा रामगुलामच आले. मग ही घराणेशाहीच नाही का?

आहे. १९६८ पासून पंतप्रधानपदी पाच माणसं बसली, त्यातली चार दोन घराण्यांतली. नवीन रामगुलाम २०२४ मध्ये तिसऱ्यांदा आले. सत्ता गेल्यावर नवीन यांना २०१५ मध्ये आणि प्रविंद यांना २०२५ मध्ये अटक झाली. अटक म्हणजे गुन्हा सिद्ध झाला असं नव्हे. पण सत्ता बदलली की आधीचा पंतप्रधान पोलीस ठाण्यात, हे चक्र देशाला शोभणारं नाही. बारामती काय आणि पोर्ट लुई काय, आडनाव पाहून तिकीट देणारे पक्ष जोवर आहेत तोवर नव्या माणसाला दार उघडत नाही.

चागोस बेटांचा या सगळ्याशी काय संबंध?

रामगुलामांच्या वारशातली ही सर्वांत दुखरी जागा. १९६५ मध्ये लंडनच्या लँकेस्टर हाउसमध्ये स्वातंत्र्याची बोलणी चालू असताना ब्रिटनने चागोस बेटं मॉरिशसपासून तोडली, बदल्यात ३० लाख पौंड दिले. तिथल्या रहिवाशांना पुढच्या काही वर्षांत जहाजात घालून हाकललं, कारण त्यांतल्या दिएगो गार्सिया या बेटावर अमेरिकेचा लष्करी तळ व्हायचा होता. रामगुलामांनी होकार दिला खरा, पण स्वातंत्र्य हवं असलेल्या वसाहतीच्या नेत्याला नाही म्हणायची किती मोकळीक होती?

२०१८ च्या सप्टेंबरमध्ये हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात ८८ वर्षांचे अनिरुद्ध जगन्नाथ उभे राहिले. १९६५ च्या त्या बैठकीला हजर असलेल्यांपैकी हयात असलेला मी एकटा, असं त्यांनी न्यायाधीशांना सांगितलं. ज्यांना त्यांनी १९८२ ला हरवलं होतं, त्यांच्या माथ्यावरचा होकार कसा घेतला गेला याची साक्ष ते देत होते. फेब्रुवारी २०१९ मध्ये न्यायालयाने सल्लागार मत दिलं : ती फाळणी लोकांच्या मुक्त इच्छेने झालेली नव्हती. चागोस परत देण्याच्या करारावर २२ मे २०२५ रोजी सह्या झाल्या, तेव्हा पंतप्रधान होते नवीन रामगुलाम. हाकललेल्या लोकांना मात्र या साऱ्या वाटाघाटींत फार थोडं विचारलं गेलं.

तिथल्या मराठी माणसांचं काय?

कोकणातून, मुंबई बंदरातून गेलेल्या मजुरांचे वंशज ते. घटनेत ते ‘हिंदू’ याच खात्यात मोडतात. तिकिटं वाटताना मात्र तमिळ, तेलुगू, मराठी अशी वेगळी मोजणी पक्ष करतात. गणेश चतुर्थीला देशभर सार्वजनिक सुट्टी असते. मराठी शाळेत शिकवली जाते, मोका इथल्या महात्मा गांधी संस्थेत तिचा विभाग आहे. आपल्या जाखडीला तिथे झाकरी म्हणतात. ही माणसं घरात क्रिओल ही तिथली बोली बोलतात आणि आरती मराठीत म्हणतात. एवढ्या छोट्या समाजाला आपल्या सणाची सुट्टी मिळणं हे मला त्या लोकशाहीचं मोठं लक्षण वाटतं.

फिरायला जाणार आहोत. यातलं काय पाहता येईल?

पोर्ट लुईच्या बंदरावर आप्रवासी घाट आहे. २ नोव्हेंबर १८३४ रोजी ‘ॲटलास’ जहाजातून मजूर उतरले, तो दिवस आज राष्ट्रीय सुट्टीचा आहे. दगडी पायऱ्या सोळा आहेत. जवळजवळ साडेचार लाख माणसं त्या घाटावरून बेटावर आली. तिथून उत्तरेला पांप्लेमूसचं उद्यान, मोठ्या पानांच्या कमळांसाठी प्रसिद्ध. सगळे पर्यटक कमळांपाशी थांबतात, तुम्ही थोडं पुढे चाचांच्या समाधीपर्यंत जा. हा परिसर त्यांच्या त्या हरलेल्या मतदारसंघातला आहे. आणि वाट थोडी वाकडी करायची तयारी असेल तर बेल व्यूला जा. तिथल्या स्टेडियमला अंजलीचं नाव आहे.